काबूलच्या मुलांचे दोन दौरे : २०१३ आणि २०२४

थेम्सकाठ

नमस्कार मंडळी. हा धागा खरं तर मार्चमध्येच काढायचा होता, राहून गेला. या ऑगस्टमध्ये (२०२४) अफगाण युथ ऑर्केस्ट्राची मुलं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आल्याचं वाचलं आणि ठरवलं, आता लिहायचंच.

याच नावाचा वाद्यवृंद त्याच कार्नेगी हॉलमध्ये याआधी १२ फेब्रुवारी २०१३ ला वाजवून गेला होता. नाव तेच, संस्था तीच, संस्थापकही तेच. पण तेव्हा ही मुलं काबूलहून आली होती आणि कार्यक्रम करून काबूलला परत गेली. आत्ताची पोर्तुगालहून आली आणि पोर्तुगालला परत गेली. मला जे सांगायचंय ते एवढ्या फरकात आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. डॉ. अहमद सरमस्त हे काबूलचे. वडील उस्ताद सलीम सरमस्त तिथले नावाजलेले संगीतकार. यादवीच्या काळात अहमद देशाबाहेर पडले, ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठातून अफगाण संगीतावर डॉक्टरेट केली, मग परत जाऊन २०१० मध्ये काबूलला 'अफगाणिस्तान नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिक' सुरू केलं. मुलं-मुली एकाच वर्गात. निम्म्या जागा अनाथ मुलांसाठी आणि रस्त्यावर काहीबाही विकून घर चालवणाऱ्यांसाठी. एका खोलीत व्हायोलिन, शेजारच्या खोलीत रबाब हे अफगाणी तंतुवाद्य, त्यापलीकडे सतार, सरोद आणि तबला. सतार-सरोद-तबला शिकवायला आपल्याकडून गेलेले उस्ताद होते.

तीन वर्षांत साठेक मुलं घेऊन ते अमेरिकेला गेले. वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर, मग कार्नेगी. ज्यांनी तीनच वर्षांपूर्वी वाद्य पहिल्यांदा हातात धरलं होतं अशी मुलंही त्यात होती. त्यांच्याबरोबर काम करणारे अमेरिकी व्हायोलिनवादक विल्यम हार्वी यांनी विवाल्दीच्या 'फोर सीझन्स'ची अफगाण वाद्यांना आणि सुरावटींना सामावून घेणारी मांडणी केली होती. राव्हेलचा 'बोलेरो'ही तसाच नव्याने बांधून घेतला होता. कार्नेगीची तिकिटं संपली होती.

मधली वर्षं भराभर सांगते, कारण ती सांगताना जीव गोळा होतो. ११ डिसेंबर २०१४ ला काबूलमधल्या फ्रेंच केंद्रात मुलांचा कार्यक्रम चालू असताना आत्मघातकी स्फोट झाला. प्रेक्षागृहात सरमस्त बसले होते. त्यांच्या कानांचे पडदे फाटले, डोक्यात धातूचे तुकडे घुसले. ऑस्ट्रेलियात उपचार घेऊन ते पुन्हा शाळेत हजर झाले. जानेवारी २०१७ मध्ये शाळेतल्या मुलींचा 'झोहरा' हा वाद्यवृंद दावोसला वाजवून आला, मार्च २०१९ मध्ये इथे ब्रिटनलाही आला होता. २०१८ ला शाळेला स्वीडनचं पोलर हे संगीतातलं पारितोषिक मिळालं. आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडलं. शाळेला कुलूप लागलं.

ऑक्टोबरपासून विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांच्या घरचे काही जण असे २७३ लोक तुकड्यातुकड्यांनी दोह्याला पोचले आणि डिसेंबरमध्ये सगळे लिस्बनला उतरले. पोर्तुगालने त्यांना एकत्र आसरा दिला, म्हणून शाळा मोडली नाही. पुढे ब्रागा आणि गिमराइंश या उत्तरेकडच्या गावांत त्यांची सोय झाली.

आता माझ्या संध्याकाळीकडे येते. ७ मार्च २०२४ च्या त्यांच्या लंडनच्या कार्यक्रमाचं तिकीट मी आधीच काढून ठेवलं होतं. कार्यक्रम चार दिवसांवर आला आणि बातमी आली, ४७ मुलांना व्हिसा नाकारला. १४ ते २२ वयाची मुलं! मी तिकीट फ्रिजवर चुंबकाने लावलं होतं, ते दिवसभर बघत राहिले. वर्तमानपत्रांतून, संगीतक्षेत्रातून खूप आवाज उठला आणि निर्णय फिरला. मुलं आली.

हॉलमध्ये माझ्या शेजारी काबूलचे एक आजोबा होते, नातीला घेऊन आले होते. मला विचारलं, हिंदुस्थानी का? मग जुन्या हिंदी सिनेमांमुळे येणाऱ्या हिंदीत बोलायला लागले. रबाब जुळवताना पहिली तार वाजली तेव्हाच त्यांनी डोळे मिटले. म्हणजे कार्यक्रम सुरू व्हायच्याही आधी, नुसतं जुळवताना. नात त्यांच्याकडे बघत होती, मी नातीकडे.

कार्यक्रमात काय काय वाजलं याची यादी देत नाही, मला दरी भाषा येत नाही आणि अर्ध्या चालींची नावं चुकतील. पण एक सांगते. २०२३ च्या जुलैमध्ये हेरातला तालिबानने वाद्यांची होळी केली, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या ढिगात गिटार होती, आणि एक पेटी आणि तबला होता. आपल्या घरात कपाटावर कापडात गुंडाळून ठेवलेला असतो तसाच. तो फोटो माझ्या डोक्यातून जात नाही. दौरा म्हणजे काय, तर घरच्या मंचावर वाजवून झालं, आता बाहेर जाऊन वाजवू. या मुलांना घरचा मंचच उरलेला नाही. जे काही वाजवायचं ते दौऱ्यावरच.

जाणकारांनी भर घालावी. खर्जकाका, तुम्ही वाचताय ना?

---

पारिजात

ताई, वाचताना गळा दाटून आला. २७३ म्हणजे मुलांचे आईवडील पण आले का सगळे?

---

थेम्सकाठ

नाही गं. बहुतेक मुलांचे आईवडील मागेच राहिले. चौदा-पंधरा वर्षांची पोरं एकटी निघाली. काही घरचे लोक पुढे आणता आले, पण त्याला वर्षं लागली. म्हणून मुलांची नावं, फोटो टाकताना मला संकोच वाटतो, तिकडे घरच्यांना त्रास होऊ शकतो. धाग्यात कुणी टाकू नये ही विनंती.

---

खर्ज

वाचतोय ताई. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मी सरोद शिकलो, वाजवणारा झालो नाही, पण वाद्याचा इतिहास थोडा माहीत आहे. आपला सरोद हा अफगाण रबाबाचाच वंशज. पठाण घोड्यांचे व्यापारी आणि शिपाई रबाब घेऊन हिंदुस्थानात आले, शाहजहानपूर-लखनौच्या बाजूला स्थिरावले, आणि त्यांच्याच घराण्यांत एकोणिसाव्या शतकात रबाबाचा सरोद झाला. रबाब तुतीच्या एका ओंडक्यातून कोरतात, पोटावर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा पूर्वी आतड्याच्या, आता नायलॉनच्या, खाली तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा. पट्टी लाकडी आणि तिच्यावर पडदे बांधलेले. आपल्या लोकांना मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) हवी होती, आस (सुराचा रेंगाळणारा नाद) हवी होती. मग पट्टीवर पोलादी पत्रा चढला, पडदे गेले, तारा धातूच्या झाल्या. कातडं तेच राहिलं, तरफा वाढल्या.

आणि ही देवघेव उलट्या दिशेनेही झाली. १८६० च्या दशकात अमीर शेर अली खान याने हिंदुस्थानी गवई-वादक काबूलच्या दरबारात नेऊन वसवले. त्यांची वस्ती म्हणजे खराबात मोहल्ला. काबूलच्या गझलगायकीत आपले राग आले ते तिथून. तबला तिकडे गेला तोही याच लोकांबरोबर. उस्ताद सराहंग (१९२४-१९८३) यांचं नाव जुन्या रसिकांना आठवेल. पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँसाहेबांचे शागीर्द, वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राहून शिकले. ते कलकत्त्याला, दिल्लीला गात तेव्हा कुणाला ते परदेशी वाटले नसतील.

तेव्हा ताई, हेरातच्या ढिगातला तबला आपल्या घरातल्यासारखा दिसला याचं कारण तो आपल्या घरातूनच गेलेला आहे.

---

कोकणकडा

लेख मनापासून आवडला, पण एका मुद्द्यावर वेगळं मत आहे. व्हिसा देणं न देणं हा त्या देशाचा अधिकार आहे. कलाकार म्हणून येऊन मग तिथेच आश्रय मागणारे लोक असतात, अधिकाऱ्याने शंका घेतली तर त्याला खलनायक का करायचं? आपल्या पोरांनाही रोज नाकारतात, तेव्हा वर्तमानपत्रं ओरडत नाहीत.

---

थेम्सकाठ

कोकणकडा, अधिकाऱ्याला खलनायक केलेलं नाही. अधिकार आहेच. पण नियम काय आहे बघा. पाहुणा म्हणून येणाऱ्याने दाखवायचं असतं की भेट संपली की मी परत जाईन. परत जायला घर आहे, कामधंदा आहे, माणसं आहेत. ज्याचं घरच गेलं त्याने हे कागदावर कसं दाखवायचं? या मुलांकडे पोर्तुगालचा रहिवास होता, शाळा होती, हॉल आरक्षित होते, लंडननंतर बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, मँचेस्टर ठरलेलं होतं. याहून जास्त पुरावा एखादा सोळा वर्षांचा मुलगा कुठून आणणार? नियम घरवाल्यांसाठी लिहिलेला आहे, एवढंच माझं म्हणणं.

आपल्या पोरांना नाकारतात तेव्हा कुणी ओरडत नाही हे मात्र अगदी खरं आहे, आणि ते चूक आहे.

---

धिरकिट

आमच्या पोरांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी नाशिकला तबल्याचा वर्ग चालवतो. सहा वर्षांपूर्वी अकरा मुलांना घेऊन युरोपात गेलो होतो. सहा तबलजी, दोन पखवाजवाले, दोन पेटी, एक टाळकरी. देशाचं नाव घेत नाही. अकरापैकी दोघांचा व्हिसा आला नाही. कारण एका ओळीचं, छापील. दोघंही वर्गातली सगळ्यात तयार पोरं. एकाचे वडील द्राक्षबागेत मजुरी करतात, दुसऱ्याची आई डबे करते. बँकेच्या पुस्तकात काही नव्हतं. ज्यांच्या घरी गाडी होती त्या नऊही जणांचा आला. कोकणकडा साहेब, तुमचा मुद्दा कळतो, पण त्या दिवशी त्या दोघांना वर्गात बसवून सांगणं मला जमलं नाही, बायकोने सांगितलं.

आता जरा कामाचं. कुणी मुलांना घेऊन जाणार असेल तर :

अल्पवयीन मुलांसाठी आई आणि वडील दोघांचंही संमतिपत्र नोटरी करून घ्या, एकाचं चालत नाही म्हणून आमचं अडलं होतं. हातोडी चुकूनही हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात आणि मग तिकडे गठ्ठे ठोकायला दगड शोधावा लागतो. तबला सामानात टाकणार असाल तर डग्ग्याच्या भोवती कपडे कोंबा आणि पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या कातड्यावर, लाकडी चकती ठेवून बांधा. पेटीच्या भात्याला पट्टा लावा, नाहीतर हिसक्याने शिवण उसवते.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे हवा. बाहेर पाऊस, आत हीटर. बाहेरून आणलं की पुडी ढिली, सूर उतरलेला. हीटरच्या हॉलमध्ये अर्धा तास ठेवलं की कातडं वाळून सूर चढायला लागतो. काळी एकचा तबला कार्यक्रम सुरू होईपर्यंत पांढरी दोनकडे, म्हणजे पेटीवरच्या पुढच्या वरच्या सुराकडे, सरकलेला. मी पोरांना तीन तास आधी हॉलमध्ये नेऊन वाद्यं उघडी ठेवायला लावायचो. संयोजकांना वाटायचं, एवढ्या लवकर का आले. ताईंनी लिहिलंय आजोबांनी रबाब जुळवतानाच डोळे मिटले. त्या रबाबालाही कातडंच. जुळवणाऱ्या पोराने तोवर केवढा घाम गाळला असेल ते मला दिसतं.

---

पारिजात

धिरकिट सर, त्या दोघांचं पुढे काय झालं?

---

धिरकिट

एक आता माझ्याच वर्गात लहान मुलांना शिकवतो. दुसऱ्याने सोडलं. तबला विकला नाही अजून, एवढं माहीत आहे.

---

उत्तररात्र

चर्चा सुंदर चालली आहे. मला एक खटकतं ते विचारतो. रबाबाला सिंफनीचा आधार कशाला? अफगाण संगीत जगाला ऐकवायचं तर चार उस्ताद, एक रबाब, एक तबला, एक गायक बसवा. वीस व्हायोलिनांच्या मागे रबाब ऐकू तरी येतो का? विवाल्दी आणि राव्हेल घेऊन गेलं की पाश्चात्त्य श्रोत्याला बरं वाटतं, आपलं काहीतरी ओळखीचं मिळतं. शिवाय २०१३ चा दौरा अमेरिकी वकिलात आणि जागतिक बँक यांच्या पैशातून झाला. आम्ही केलेली मदत फळली हे दाखवायचं होतंच ना?

---

खर्ज

उत्तररात्र, पैशाचं म्हणाल तर हो, दाखवायचं होतंच. राजाश्रय नेहमी काहीतरी दाखवण्यासाठीच असतो, शेर अली खानाचाही होता. त्याने तिथे तयार झालेलं गाणं खोटं ठरत नाही.

सुरांचा प्रश्न खरा आहे. व्हायोलिनचा जथा ठरलेल्या स्वरावर मिळवलेला असतो, आपली वाद्यं आपल्या षड्जावर. दोघांना एकत्र बसवताना कुणीतरी थोडं सोडतं, आणि बहुतेक वेळा लोकवाद्यच सोडतं. नाजूक आवाजाच्या वाद्याला माइक लावावा लागतो, त्याचा पोत जातो. हे मी मान्य करतो.

पण ही शाळा आहे हे विसरू नका. तुम्ही सांगता ती बैठक उस्तादांची आहे. 'बोलेरो' निवडण्यातली हुशारी बघा. एकच ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आपल्या लेहऱ्यासारखा (तबल्याच्या साथीला पुन्हापुन्हा वाजणारी एकच चाल). एकच चाल एकेक वाद्य पाळीपाळीने घेतं. म्हणजे रबाबाची पाळी आली की बाकीचे मागे सरतात, सतारीची आली की तिला जागा मिळते. आणि ज्याला वाद्य धरून दोनच वर्षं झालीत त्यालाही ठेक्यात धरून बसवता येतं. साठ मुलांतलं एकही वगळावं लागत नाही. मी शिकवत असतो तर मीही तेच निवडलं असतं.

---

उत्तररात्र

लेहऱ्याची उपमा पटली. पोत जातो यावर मी ठाम आहे, पण शाळा आहे हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

---

कोकणकडा

पासपोर्टवरून आठवलं, आधीच्या माझ्या प्रतिसादाला जोडून. संगीतसंचालक बारेनबॉइम आणि विचारवंत एडवर्ड सैद यांनी १९९९ मध्ये जर्मनीतल्या वायमारला इस्रायली आणि अरब तरुण वादकांचा वेस्ट-ईस्टर्न दिवान हा वाद्यवृंद सुरू केला. २००५ मध्ये या वाद्यवृंदाला पॅलेस्टाइनमधल्या रामल्लाला कार्यक्रम करायचा होता. इस्रायली मुलांना तिथे जायला बंदी, सीरिया-लेबनॉनच्या मुलांना इस्रायली नाक्यांवरून जाणं अशक्य. तेव्हा स्पेन सरकारने सगळ्यांना राजनैतिक पासपोर्ट दिले आणि कार्यक्रम झाला. म्हणजे एखाद्या सरकारने मनावर घेतलं तर रस्ता निघतो. थेम्सकाठ, तुमचं 'नियम घरवाल्यांसाठी लिहिलेला आहे' हे वाक्य डोक्यात राहिलं आहे. माझा सूर कडक झाला होता.

---

मांडवी

देव बरें करूं. मी मूळची फोंड्याची, नऊ वर्षं लिस्बनला आहे. ब्रागाला कामानिमित्त जाणं होतं. गाव देवळांचं, म्हणजे चर्चांचं, डोंगरावर बों जेझूसच्या पायऱ्या. पाऊस भरपूर, अगदी आमच्या सत्तरीसारखा. तिथल्या गुल्बेंकियान संगीतशाळेत ही मुलं शिकतात. दगडी भिंतींना ओल असते हिवाळ्यात, धिरकिट सर म्हणतात तशी पुडी ढिली पडणं तिथे रोजचंच असणार.

एकदा तिथल्या बेकरीत दोन मुली पुढे उभ्या होत्या, पाठीवर व्हायोलिनच्या पेट्या. पोर्तुगीज बोलत होत्या, माझ्यापेक्षा चांगलं. पैसे देताना एकमेकींशी दरीत बोलल्या तेव्हा कळलं. मी काही विचारलं नाही. विचारायचं तरी काय? बेकरीवाल्याने त्यांना नेहमीचंच देऊ का विचारलं, त्या हो म्हणाल्या. मला ते फार बरं वाटलं.

---

थेम्सकाठ

मांडवीताई, 'नेहमीचंच' हा शब्द वाचून मी उठून चहा करायला गेले.

---

धिरकिट

काल वर्गात हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. हेरातचा फोटोही दाखवला, दाखवावा की नाही असा विचार करून मग दाखवला. कुणी काही बोललं नाही बराच वेळ. मग एक नऊ वर्षांची मुलगी, नुकतंच 'धा धा तिं ना' बसतंय तिचं, तिने विचारलं, "सर, तिकडे त्यांच्या तबल्याची पुडी फाटली तर बदलून कोण देतं?"

मला उत्तर आलं नाही. पोर्तुगालमध्ये पुडी भरणारा कारागीर आहे का? मांडवीताई, तुम्हाला माहीत आहे?

---

मांडवी

लिस्बनला गुजराती मंडळी पुष्कळ आहेत, त्यांच्या देवळात भजनाला तबला असतो. तिथे विचारते. पण मला वाटतं तेही पुड्या भारतातूनच मागवतात.

---

धिरकिट

मग पाठवतो. आमच्याकडे पुडी करणारे काका आहेत, त्यांना रात्रीच फोन केला. म्हणाले चार तबल्याच्या, दोन डग्ग्याच्या देतो, पैसे नकोत. पण तोंडाचं माप लागेल. साडेपाच इंची आहे की सव्वापाच, ते कळल्याशिवाय भरता येणार नाही. ताई, पुढच्या वेळी ब्रागाला जाल तेव्हा शाळेत चौकशी कराल का?

---

मांडवी

१२ तारखेला जातेय. बरोबर टेप घेऊन जाते. माप तोंडाच्या आतून घ्यायचं की बाहेरून, तेवढं सांगा.